मस्टरवरचे १९ : मुंबईच्या औद्योगिक वसाहतींतील गाळेमालक संघटनांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व पदाधिकारी,
औद्योगिक वसाहतींतील गाळेमालक व लघुउद्योजक संघटना,
मुंबई उपनगर

सविनय नमस्कार.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्याआधीची ३४ वर्षे मरोळ, साकीनाका आणि चांदिवली येथील तीन निरनिराळ्या कारखान्यांत काढली. सुरुवात शिकाऊ फिटर म्हणून झाली आणि शेवट टूलरूमचा फोरमन म्हणून. फोरमनची जागा तशी अवघड असते. शेठच्या केबिनमध्ये तो कामगारांचा माणूस ठरतो आणि प्रेसखात्यात शेठचा, त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्याच्यासमोर जरा जपूनच बोलतात. पण त्याची ऊठबस दोन्हीकडे असते आणि कोण काय बोलायचे टाळतो आहे हे त्याला बरेचसे कळत असते. त्या जागेवरून जे दिसले, त्याच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

निमित्त असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चारही श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले एकत्रित कायदे) लागू झाल्या आणि त्यानंतर आपल्यापैकी अनेक संघटनांनी सभासदांसाठी माहितीच्या बैठका घेतल्या. पश्चिम उपनगरातील अशाच एका बैठकीला जुन्या ओळखीमुळे मलाही बोलावणे होते. एक सल्लागार दोन तास बोलले. त्यांच्या बोलण्याचा गोषवारा सांगायचा तर पहिली गोष्ट, मस्टरवर १९ च्या पुढे जाऊ नका, विसावा माणूस ठेकेदाराकडे दाखवा; आणि दुसरी, गेलातच पुढे, तर मालक-कामगारांच्या तक्रार निवारण समितीची चिंता करू नका, वर्षभराची इतिवृत्ते टाइप करून मिळतील, सह्या तेवढ्या घेऊन ठेवा. सभागृहात हशा पिकला आणि चहाच्या वेळी त्यांच्या कार्डासाठी रांग लागली. रांगेत उभे असलेल्यांपैकी निदान चौघे माझ्या परिचयाचे होते आणि त्यांतील एकही माणूस वाईट नाही, म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

१९ चा आकडा कुठून येतो हे गाळ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भविष्य निर्वाह निधी २० माणसांवर, बोनस २० वर, विजेवर काम चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्याची मर्यादा नव्या संहितेत २० वर (जुन्या केंद्रीय कारखाना कायद्यात ती १० वर होती) आणि तक्रार निवारण समितीही २० वर. विसावा माणूस घेताना आपण एक हेल्पर घेत नसून चार रजिस्टरे आणि एक इन्स्पेक्टर घेतो आहोत, असे छोट्या मालकाला वाटते. ही भीती मी थट्टेवारी नेत नाही. महिन्याच्या सात तारखेला पगाराची जुळवाजुळव करताना मी मालकांचे चेहरे पाहिले आहेत. मात्र भविष्य निर्वाह निधीच्या मोजणीत ठेकेदाराची माणसेही धरली जातात, ही गोष्ट सल्लागारांनी सांगितली नाही, आणि ती कुणी विचारलीही नाही.

माझे म्हणणे कायदा पाळण्या-न पाळण्यापुरते नाही. मालक आणि कामगार यांनी ठरावीक दिवशी समोरासमोर बसावे, ही व्यवस्था आपण एक नवा भुर्दंड समजून टाळत आहोत. ती नसल्याचा भुर्दंड मात्र आपण दर महिन्याला भरतो आणि त्याची पावती मिळत नाही म्हणून तो आपल्याला दिसत नाही. आणि ही व्यवस्था दहा-बारा माणसांच्या एकेकट्या गाळ्याला पेलणारी नसली, तरी शंभर-सव्वाशे गाळ्यांच्या वसाहतीला सहज पेलणारी आहे. म्हणून हे पत्र एखाद्या मालकाला न लिहिता आपल्या संघटनांना लिहीत आहे.

सुमारे १५ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे ५० टनी पॉवर प्रेसवर पत्र्याच्या क्लिपा पडत. प्रेसला दोन हातांची बटणे होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम (प्रेसचा वरून दाब देणारा भाग) खाली येणार नाही, म्हणजेच हात डायमध्ये (साच्यात) असणे शक्य नाही, अशी ती साधी आणि चोख व्यवस्था. डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ऑपरेटरची दोन बोटे गेली. मी धावत खाली आलो तेव्हा प्रेस बंद केलेला होता आणि डाव्या बटणाच्या फटीत आगपेटीच्या तीन काड्या घट्ट खोचलेल्या होत्या. बटण दाबलेलेच राहावे म्हणून. सगळ्यांनी एका क्षणात निकाल दिला : चूक त्याचीच.

संध्याकाळी मी ती डाय उतरवून टूलरूममध्ये नेली. स्ट्रिपरच्या (कापलेला नग पंचापासून सोडवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा बसल्या होत्या, त्यामुळे कापलेला नग पंचाला चिकटून वर जात होता आणि दर ठोक्याला हाताने झटकावा लागत होता. दोन्ही हात बटणांवर ठेवून नग झटकता येत नाही. झटकायला डावा हात सोडला, तर पाळीचा आकडा भरत नाही. आणि आकडा भरला नाही, तर ठेकेदार त्या दिवसाचे पैसे कापतो. काड्या या त्रैराशिकातून आल्या होत्या. त्याने ही अडचण सेटरला दोनदा सांगितली होती, सेटरने सुपरवायझरला सांगितली आणि सुपरवायझर म्हणाला की डिस्पॅच होऊ दे, मग बघू. ही गोष्ट दोन महिने प्रेसखात्यातल्या प्रत्येकाला माहीत होती. मला नव्हती आणि शेठना नव्हती. स्प्रिंगा बदलायला मला अर्धा तास लागला.

शेठ स्वतः त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते आणि पुढचे सहा महिने त्यांनी त्याचा पगार चालू ठेवला. पण ठेकेदाराने त्याचा कामगार विम्याचा क्रमांक काढलाच नव्हता, त्यामुळे कायमच्या अपंगत्वाबद्दल राज्य विमा योजनेतून जे त्याला आयुष्यभर मिळायला हवे होते, ते मिळवताना फार वणवण झाली. ती डाय माझ्याच टूलरूममधून गेलेली होती. तिच्याबद्दलची तक्रार माझ्यापर्यंत पोहोचण्याचा एकही अधिकृत मार्ग त्या कारखान्यात नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. गंमत अशी की कागदोपत्री आमच्याकडे समिती होती. २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनेच आली होती; आमच्या समितीच्या वहीत त्या डिसेंबरातही ‘कोणतीही तक्रार नाही’ अशी नोंद आणि खाली सहा सह्या आहेत. त्यांतली एक माझी.

दुसरा प्रसंग याच्या उलट बाजूचा आहे आणि तो मला अधिक बोलका वाटतो. दुसऱ्या एका कारखान्यात तीन महिने पगार वीस-बावीस तारखेवर जात होता. कामगारांमध्ये कुजबुज अशी की शेठने वसईला जागा घेतली, पैसा तिकडे वळवला. शेठच्या केबिनमध्ये कुजबुज अशी की माणसे मुद्दाम हात आखडता घेत आहेत. अखेर एका दुपारी, वैतागून म्हणा किंवा सुचले म्हणून म्हणा, शेठनी येणीची वही उचलली, प्रत्येक खात्यातून एकेक माणूस बोलावला आणि कोणत्या पार्टीकडे किती रक्कम किती दिवसांपासून अडकली आहे हे वाचून दाखवले. सगळ्यात मोठी रक्कम एका बड्या कंपनीकडे होती आणि तिला १४० दिवस झाले होते. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग पॅकिंगमधला जौनपूरचा एक मुलगा म्हणाला की त्या पार्टीचा माल गंज लागून परत येतो, म्हणून ते बिल अडवत असतील.

माल गंजत का होता? तर वसाहतीची माललिफ्ट जूनपासून बंद होती, खोकी तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये दोन-दोन दिवस पडून राहत आणि वरच्या पत्र्यातून पावसाचे पाणी थेट त्यांच्यावर गळे. पॅकिंगवाल्यांनी प्लॅस्टिकचा कागद मागितला होता, तो स्टोअरने जादा खर्च म्हणून नाकारला होता. शेठना डेबिट नोट (खराब मालापोटी पार्टीने पैसे कापल्याची चिठ्ठी) दिसत होती, गळका पत्रा दिसत नव्हता. त्या मुलाला गळका पत्रा दिसत होता, डेबिट नोट दिसत नव्हती. त्या दिवशी वही आणि पत्रा एका टेबलावर आले. पुढच्या महिन्यात पगार दहा तारखेला झाला असे सांगितले तर ती परीकथा होईल. तो सोळा तारखेला झाला. पण कुजबुज थांबली, आणि प्लॅस्टिकचा कागद आला.

ही लिफ्ट कुणाच्या अखत्यारीत होती, हे आपल्याला सांगायला नको.

लघुउद्योजकाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही सांगतो. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मोठ्या पार्टीकडे असे व्याज मागितले आहे? कुणी मागत नाही, कारण मागितले तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्याला जाईल. काड्या खोचणारा ऑपरेटर ज्या कारणाने गप्प बसला, नेमक्या त्याच कारणाने त्याचा मालकही आपल्या बड्या पार्टीपुढे गप्प बसतो. हे साम्य दोघांनाही कधी एकत्र बसून पाहायला मिळालेले नाही, कारण एकत्र बसण्याची वेळ येते ती फक्त दिवाळीपूर्वी, बोनसच्या वेळी, आणि तेव्हा दोघेही भांडायच्या तयारीनेच आलेले असतात.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो : आमच्याकडे याची गरजच नाही, आमचे घरासारखे आहे, कामगार आमच्या कुटुंबातलेच आहेत. ही भावना अनेक ठिकाणी खरी आहे. लग्नाला उचल मिळते, आजारपणाला मदत होते, सत्यनारायणाला सगळे एका पंगतीला बसतात. परंतु आपल्याकडच्या कुटुंबात कर्ता माणूस घरातल्यांना हिशेब दाखवत नाही आणि धाकट्याने विचारलेला प्रश्न उद्धटपणा समजला जातो, हेही तितकेच खरे आहे. उचल देणारा शेठ दयाळू असतो, पण उचल घेतलेला माणूस वर्षभर तोंड उघडत नाही. मला जे हवे आहे ते घरापेक्षा थोडे कोरडे आणि थोडे अधिक भरवशाचे आहे.

दुसरा आक्षेप असा की कामगारांना हिशेबातले काय कळते. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज आजारी पडून बंद झाली, तेव्हा तिच्या कामगारांनी स्वतःची सहकारी संस्था करून कंपनी चालवायला घेण्याची योजना मांडली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कारखाना काही वर्षे चांगला चालला, पुढे पुन्हा अडचणीत आला; कामगारांनी चालवला म्हणून तो अमर झाला नाही. पण तांब्याचा भाव, खेळते भांडवल आणि बँकेचे व्याज या गोष्टी कामगारांना कळत नाहीत, असे निदान कुर्ल्याजवळ राहून तरी कुणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : मी एकट्याने केले आणि शेजारच्याने केले नाही, तर माझा माल महाग पडेल. याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. रविवारची साप्ताहिक सुट्टी गिरण्यांना नव्हती, तेव्हा ती मागणारे नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे माझ्यासारखेच मधल्या जागेवरचे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० गिरणी कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी सुट्टी मान्य झाली. आपण सगळे ही गोष्ट कामगारांचा विजय म्हणून सांगतो आणि ती तशीच आहे. पण सुट्टी मान्य कुणी केली, इकडे लक्ष द्यावे : एखाद्या गिरणीने नव्हे, गिरणीमालकांच्या संघाने. एकाच गिरणीने रविवारी भोंगा बंद ठेवला असता, तर शेजारच्या गिरणीने तिचे गिऱ्हाईक खाल्ले असते. सगळ्यांनी एकाच वेळी बंद ठेवला, तेव्हा कुणाचेच काही गेले नाही. एकेकट्या मालकाला जे परवडत नाही ते संघटनेला परवडते, याचा इतका स्वच्छ दाखला शोधून सापडणार नाही, आणि आपण सर्व संघटना आहात.

दुसरा दाखला मशीद बंदरचा. हमाल माथाडी कामगाराला एक मालक नसायचा. सकाळी एका दुकानाचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. मालकच ठरत नाही, तर रजा कोण देणार आणि भविष्य निर्वाह निधी कोण कापणार? आपल्या गाळ्यांतील हेल्परची आजची अवस्था फार वेगळी नाही. तो आज या ठेकेदाराकडे आहे आणि पुढच्या महिन्यात त्याच मजल्यावर दुसऱ्याकडे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला, आणि त्याने या प्रश्नावर जे उत्तर काढले ते मला आजही थक्क करते. मालक आणि कामगार यांचे सारखेच प्रतिनिधी आणि सोबत शासनाचे, असे मंडळ नेमायचे. मालकांनी आपली नोंदणी तिथे करायची, कामगारांच्या टोळ्यांची नोंदणीही तिथेच. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (जादा आकार) मालकाने मंडळाकडे भरायची, आणि रजा, बोनस, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना हे सगळे मंडळाने बघायचे. छोट्या दुकानदाराला चार रजिस्टरे ठेवावी लागली नाहीत आणि हमालाला मालक शोधत फिरावे लागले नाही. पुढे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे निघाले, त्यांच्याबद्दलच्या आपल्या तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पण खोट्या नोटा निघतात म्हणून कुणी चलन बंद करत नाही. (मध्यंतरी तेही झाले म्हणा.)

तर माझी सूचना अशी आहे. प्रत्येक वसाहतीने, कायद्याने भाग पाडण्याची वाट न पाहता आणि मस्टरवर किती माणसे आहेत हे न मोजता, वसाहतीच्या पातळीवर मालक-कामगार संयुक्त समिती नेमावी. तिची घडण नव्या औद्योगिक संबंध संहितेतून जशीच्या तशी उचलता येईल, कारण या बाबतीत ती संहिता पुष्कळ विचाराने लिहिलेली आहे. समितीत जास्तीत जास्त १० सदस्य, दोन्ही बाजूंचे सारखेच. अध्यक्षपद एक वर्ष मालकांकडे आणि एक वर्ष कामगारांकडे. स्त्रियांचे प्रमाण कामावरील स्त्रियांच्या प्रमाणापेक्षा कमी नाही. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत. आणि एक कलम तर पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे : निर्णय बहुमताने व्हावा, परंतु कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांनी त्याला संमती दिली नसेल, तर निर्णय झालाच नाही असे समजावे. पाच मालक आणि एक फोडलेला कामगार मिळून ठराव करण्याची वाट या कलमाने बंद केली आहे. आपली समिती स्वेच्छेची असली, तरी हे कलम तिच्या नियमांत असावे.

समितीपुढे काय आणावे याची चिंता करू नये. विषय पॅसेजमध्ये पडलेले आहेत. माललिफ्ट आहे. प्रेस आणि मोल्डिंग मशीनच्या गार्डांची महिन्यातून एक फेरी आहे, ज्यात शेजारच्या गाळ्याचा कामगार या गाळ्याची मशीन बघेल, कारण स्वतःच्या शेठसमोर तो बोलणार नाही पण शेजाऱ्याच्या प्रेसबद्दल मोकळेपणाने बोलेल. ठेकेदाराने खरोखर विमा क्रमांक काढला आहे की नाही, याची तपासणी आहे. आणि बायकांच्या शौचालयाचा प्रश्न आहे, ज्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. पॅकिंग आणि असेंब्लीत आज बहुतेक बायका आहेत. तीन मजल्यांच्या कित्येक इमारतींत त्यांच्यासाठी एकच शौचालय, तेही तळमजल्यावर, आणि त्याची किल्ली वॉचमनकडे. मी अशा बायकांना ओळखतो ज्या कामाची पाळी संपेपर्यंत पाणीच पीत नाहीत. एकाही शेठने हे ठरवून केलेले नाही. तसे कुणी विचारलेच नाही आणि वॉचमनकडे किल्ली मागणाऱ्या बाईने ते शेठच्या केबिनमध्ये जाऊन सांगावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

जुन्या वर्क्स कमिट्यांबद्दल (कारखान्यातील मालक-कामगार समित्यांबद्दल) एक थट्टा नेहमी केली जाई की त्या वर्षभर फक्त कँटीनच्या चहावर चर्चा करतात. माझा चहाला विरोध नाही. ज्या समितीने चहा सुधारून दाखवला, तिच्याकडे माणूस पुढच्या वेळी बसलेल्या स्प्रिंगची तक्रार घेऊन येतो. जिने चहाही सुधारला नाही, तिच्याकडे कोण कशाला येईल?

कामगारांचे प्रतिनिधी मात्र कामगारांनीच निवडलेले असावेत आणि निवड चिठ्ठी टाकून व्हावी, या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे आणि त्याचे कारण घरचे आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत सांचाखात्यात (मागांवर) होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मान्य केलेली होती आणि वाटाघाटीचा हक्क तिचाच होता. ती आपल्याला हवी आहे की नाही हे गुप्त मतदानाने सांगण्याची सोय कामगारांना नव्हती. बोनसच्या प्रश्नावर कामगारांचा त्या युनियनवरचा विश्वास उडाला, ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यामागे कामगार नव्हते आणि ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायचे नाही, असा तो पेच होता. गिरण्या बुडण्याची इतर कारणे खूप होती, जुनी यंत्रे होती, जमिनीचा भाव होता, हे मला मान्य आहे. पण टेबल मांडलेले असूनही समोर चुकीचा माणूस बसवला की काय होते, ते या शहराने त्या वेळी पाहिले. संप मागे घेतल्याची घोषणा अखेरपर्यंत झाली नाही. वडिलांच्या हिशेबी तो त्यांच्या मृत्यूपर्यंत चालूच होता.

म्हणून सुपरवायझरने सुचवलेली ‘चांगली मुले’ समितीवर घेऊ नयेत. ठेकेदाराच्या कामगारांना मत असावे आणि उभे राहण्याचा हक्कही असावा. सभेत हिंदी, मराठी, जो जे बोलेल ते चालावे, आणि इतिवृत्त दोन्ही भाषांत भिंतीवर लागावे.

अशाने युनियन आत शिरेल, ही आपली मनातली भीती मी ओळखून आहे. माझा अनुभव असा की युनियन शिरते ती आगपेटीच्या काड्यांच्या फटीतून. जिथे साधी तक्रार ऐकली जाते, तिथे युनियन आलीच तर बोलण्याचे वळण आधीच पडलेले असते. आणि कामगार संघटनांनाही या पत्राच्या निमित्ताने दोन शब्द सांगायचे आहेत. छोट्या गाळ्यांतील माणसांकडे आपण वर्षानुवर्षे पाहिले नाही, कारण तिथे वर्गणी कमी आणि दगदग फार. जे कुणी आले, त्यांतले काही तडजोडीच्या दिवशी मालकाकडून आपला वाटा घेऊन गेले, आणि त्या एका दिवसाने पुढच्या दहा वर्षांचा विश्वास खर्च झाला. वसाहतीच्या समितीत येणाऱ्या कामगाराला विमा, बोनस, पगारपत्रक यांतले बारकावे समजावून देण्याचे काम आपण केले, तर तिथे आपल्याला कुणी पाहुणे समजणार नाही.

कामगार मित्रांनाही एक गोष्ट सांगायला हवी. समितीत बसणे म्हणजे फक्त मागणे नव्हे. खाडे कोण आणि का करतो, रिजेक्शन नक्की कोणत्या पाळीत वाढते, पट्टीला तेल न लावता घाईने माल कोण काढतो, हे आपल्याला माहीत असते आणि आपण ते एकमेकांवर पांघरूण घालून झाकतो. मालकाने येणीची वही उघडावी अशी अपेक्षा असेल, तर आपल्या बाजूची वहीही उघडावी लागेल.

आपल्या बहुतेक संघटनांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा पावसाळ्यानंतर होतात. यंदाच्या विषयपत्रिकेवर संयुक्त समितीचा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, पहिली पाळी सुटते आणि दुसरी सुरू होते त्या वेळी ठेवावी. पगार नुकताच झालेला असतो, किंवा झालेला नसतो, आणि दोन्ही परिस्थितींत बोलण्यासारखे असते. तो तास भरपगारी धरावा. ज्या वसाहतीला सुरुवात करायची आहे, तिथे पहिले सहा महिने इतिवृत्त लिहिण्याचे काम मी विनामोबदला करीन. अट एकच की जे बोलले गेले तेच लिहिले जाईल आणि सह्या त्याच दिवशी होतील. ज्या वसाहतीतील बैठकीने हे पत्र सुरू झाले, तिच्या कार्यालयात मी त्या दिवशी खुर्च्या मोजल्या. सहा आहेत. उरलेल्या चार कँटीनमधून वर आणता येतील, फक्त लिफ्ट चालू असली तर बरे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम फोरमन
भांडुप, मुंबई